परत आणलेलं पाणी

नेव्हिल ब्रॉडीने आयुष्यात एकच पैज लावली, आणि तीही स्वतःच्या मुलीशी, स्वतःच्या घरावर. एक्याऐंशीव्या वर्षी माणसाने असले उद्योग करू नयेत. पण नेव्हिलला हे सांगू शकेल असं एकच माणूस होतं, त्याची बायको मर्ल, आणि ती सहा वर्षांपूर्वीच वारली होती.

झालं असं, की नाताळच्या आधीच्या आठवड्यात, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, बेंडिगोच्या भाजून काढणाऱ्या उन्हात, हा गडी परसातल्या तळ्याचा गाळ काढायला पाण्यात उतरला. तळं म्हणजे काही सरोवर नव्हे. चार पावलं लांब, तीन पावलं रुंद, मांडीइतकं खोल, सिमेंटने लिंपलेलं. एकोणऐंशी साली त्याने आणि मर्लने मिळून खणलेलं. त्यात अकरा गोल्डफिश. तळाच्या बुळबुळीत गाळावर पाय सटकला आणि नेव्हिल जो खाली बसला तो बसलाच. छातीपर्यंत पाणी, डोक्यावर टोपी, भोवती मासे, आणि गुडघे म्हणतात आम्ही काही उठत नाही. चाळीस मिनिटांनी मागच्या कुंपणातल्या फाटकातून क्लॅरी आला आणि त्याने बखोटीला धरून त्याला बाहेर ओढलं.

"जेनीनला सांगू नकोस," ओल्या विजारीने पायरीवर टेकत नेव्हिल म्हणाला.

"मी? मी काय चुगलखोर आहे होय रे?"

क्लॅरी हॅम्बली हा चव्वेचाळीस वर्षं कुंपणापलीकडचा शेजारी, आणि त्याच्याही आधीपासून रेल्वेच्या वर्कशॉपातला सोबती. त्या वर्कशॉपात एकच धर्म पाळला जायचा: सोबत्याचं नाव वर सांगायचं नाही. एकदा कुणीतरी निष्काळजीपणाने क्रेनची साखळी तोडली, तेव्हा साहेबाने पंचवीस जणांना रांगेत उभं केलं. पंचवीसही जण छताकडे बघत राहिले आणि पंचवीसही जण आठवडाभर घरी बसले. साखळी तोडणारा क्लॅरी होता. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि आजतागायत कुणी बोललेलं नाही.

तरी चार दिवसांनी जेनीनला कळलंच. गुडघ्याला पट्टी बांधून देणाऱ्या औषधाच्या दुकानातल्या मुलीने सांगितलं असणार, असं नेव्हिलने धरलं आणि त्या बिचारीशी बोलणं टाकलं.

जेनीन त्याची एकुलती एक. शेपार्टनला शाळेत शिकवायची, दीड तासाच्या अंतरावर. ती आली, स्वयंपाकघरात बसली आणि तिने पिशवीतून चकचकीत कागद काढले.

"बाबा, मी भांडायला आलेली नाही."

"मग हे काय आणलंस? शेगडी पेटवायला?"

"वॉटल कोर्टची माहिती आहे. नुसती वाच तरी. तू चाळीस मिनिटं पाण्यात बसून होतास."

"बसून होतो. बुडालो नव्हतो."

"क्लॅरी काकाही तिथेच चाललेत मे महिन्यात. तुम्हाला एकमेकांची सोबत होईल."

हे मात्र खरं होतं. क्लॅरीची बायको जॉयस वारल्यापासून त्याचा पर्थचा मुलगा मागे लागला होता, आणि नोव्हेंबरात क्लॅरीने म्हाताऱ्यांच्या त्या वसाहतीत आपलं नाव घालून टाकलं होतं. 'तूही चल की,' असं तो नेव्हिलला तीनदा म्हणाला होता. 'तिथे तळं आहे का?' असं नेव्हिलने तीनदा विचारलं होतं. तळं नव्हतं. दाराशी एक कारंजं होतं, त्यात प्लास्टिकचा बेडूक.

"हे बघ," नेव्हिल जेनीनला म्हणाला, "ज्याला तळं राखता येतं त्याला स्वतःलाही राखता येतं. ईस्टरपर्यंत मुदत दे. पाण्यात पाय घालणार नाही, काठावरून गाळ काढीन. ईस्टरच्या शनिवारी तू ये आणि स्वतःच्या हाताने काठी घाल. गाळ लाल खुणेच्या खाली असला, तर वसाहतीचं नाव पुन्हा काढायचं नाहीस. वर असला, तर मी निमूट येतो."

"निमूट? तू?"

"बिस्किटांचा डबा काखेत घेऊन निमूट."

जेनीन त्याच्याकडे बघत राहिली. पण मुलगी मर्लची होती, तिने हात पुढे केला. बादल्या उचलायला क्लॅरीने मदत केली तर चालेल, एवढी सूट तिने आपण होऊन दिली, कारण डॉक्टरांनी बापाला वजन उचलायची बंदी केली होती. नेव्हिलने हातावर हात मारला आणि त्या क्षणी त्याला वाटलं, जिंकलोच.

काठी म्हणजे जुन्या झाडूचा दांडा. त्यावर इंचाइंचाला रेघ आणि चार इंचांवर लाल रंगाचं कडं. तळात उभी घातली की गाळ कुठवर आहे ते हाताला कळतं. डिसेंबरात गाळ साडेपाच इंच होता. दीड इंच उतरवायचा होता, साडेतीन महिन्यांत.

यात कठीण ते काय, असं तळं न पाळणाऱ्याला वाटेल. पंप लावा, उपसा, झालं. तसं केलं की मासे मेले. तळातला काळा गाळ एकदम ढवळला की सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो आणि मासे वर येऊन तोंडं वासतात. म्हणून एका खेपेला तळाचा तिसरा हिस्साच झाडायचा, तोही वरचा थर, तोही हलक्या हाताने. मंगळवारी आणि शुक्रवारी नेव्हिल काठावर उशी टाकून गुडघ्यांवर बसायचा. पाइपात पाणी भरून तोंड अंगठ्याने दाबायचं, एक टोक गाळाजवळ धरायचं, दुसरं उतारावर खाली ठेवलेल्या बादलीत सोडायचं. पाणी आपसूक गाळ ओढून आणतं. बादलीच्या तोंडावर मर्लच्या जुन्या मोज्याची जाळी. गोगलगायी आणि चुकून आलेली पिल्लं त्यात अडकायची, ती पुन्हा तळ्यात.

दिवसाला सहा बादल्या. त्या क्लॅरी एकचाकी गाडीवरून आपल्या परसात न्यायचा. तिथे त्याचे दोन ड्रम होते. गाळ त्यात ओतायचा आणि रात्रभर बसू द्यायचा. सकाळी वर निवळलेलं पाणी क्लॅरी बादल्यांनी परत आणून तळ्यात सोडायचा, आणि खाली बसलेला गाळ त्याच्या टोमॅटोंना. तसं पाहिलं तर नळ उघडून तळं भरता आलं असतं. पण दुष्काळाची दहा वर्षं ज्यांनी काढली, अंघोळीचं पाणी गुलाबांना आणि भांड्यांचं पाणी लिंबाला घातलं, त्यांच्या हातून पाणी टाकवत नाही. पाऊस कितीही पडो, ती खोड जात नाही. त्या रस्त्यावरच्या कुणालाही विचारलं असतं तरी त्याने हेच सांगितलं असतं: पाणी परत आण.

क्लॅरी पहाटेचा उठणारा आणि नेव्हिल झोपेची गोळी घेणारा. बुधवारी नि शनिवारी नेव्हिल आठला उठून खिडकीत यायचा तोवर काठ ओला असायचा आणि पाणी परत आलेलं असायचं. पायरीवर कागदात गुंडाळलेले चार टोमॅटो ठेवलेले असायचे.

जानेवारीच्या अखेरीला काठी साडेचार दाखवू लागली. नेव्हिलने जेनीनला फोन करून कळवलं, आणि कुंपणापलीकडे ओरडून क्लॅरीलाही.

"साडेचार रे, क्लॅरी! अजून अर्धा इंच, की वॉटल कोर्टचे चकचकीत कागद तुझ्या ड्रमात!"

"छान," क्लॅरी म्हणाला. "छानच की."

फेब्रुवारीत गाळ वाढायला लागला.

पहिल्या आठवड्यात पावणेपाच. नेव्हिलला वाटलं, काठी तिरकी धरली. पुन्हा धरली, पुन्हा पावणेपाच. सहाच्या आठ बादल्या केल्या, गुडघे सुजवून घेतले, माशांचं खाणं निम्म्यावर आणलं. पुढच्या आठवड्यात पाच. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात तसं चाललं होतं. उपसावं तितकं भरत होतं. पानगळ सुरू व्हायला अजून महिना होता. मग हा गाळ येतोय कुठून? नेव्हिल काठावर बसून पाण्याकडे बघत राही आणि पाणी त्याला काही सांगत नसे.

मार्चच्या सुरुवातीला बिशप मेला. हा एकोणीस वर्षांचा मासा, नारिंगी अंगाचा, डोक्यावर पांढरा ठिपका, मर्लने नाव ठेवलेला. सकाळी आडवा तरंगत होता. पाण्याला तो ओळखीचा वास होता, सडक्या अंड्यांचा. नेव्हिलने त्याला गुलाबाखाली पुरलं आणि क्लॅरी शेजारी टोपी काढून उभा राहिला.

"फार झाडलंस रे तू," क्लॅरी म्हणाला. "खालचा थर ढवळला गेला असेल."

"मी वरचाच काढतो."

"हात थरथरतो माणसाचा. कळत नाही आपल्याला."

त्या दिवसापासून तो पाइप दोन्ही हातांनी धरू लागला.

मार्चच्या मध्यावर त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, निदान त्याला तसं वाटलं. जेनीनने जानेवारीपासून गवत कापायला एक माणूस लावून दिला होता. दर गुरुवारी, नेव्हिल हिरवळीवर चेंडू घरंगळवायचा बोल्सचा खेळ खेळायला क्लबात गेला की तो यायचा, आणि पाठीवरच्या यंत्राने कापलेलं गवत फुंकत बसायचा. फुंकून घालत असेल कुठे? तळ्यात. आणि सांगितलं असेल कुणी? ज्याला गाळ वर यायला हवाय त्याने. नेव्हिलने तिरीमिरीत फोन उचलला.

"तुला मला घराबाहेर काढायचंय ना? मग तोंडावर सांग की! माणसं लावून बापाच्या तळ्यात गवत कशाला भरतेस?"

पलीकडे जेनीन रडायला लागली. ती लहानपणीही फारशी रडायची नाही.

"बाबा, मी असं करीन असं तुला वाटतं?"

"मग गाळ वाढतोय कसा?"

"बाबा, ऐक. मी बोलणार नव्हते." तिने नाक पुसल्याचं ऐकू आलं. "क्लॅरी काका म्हणाले... त्यांनी दोनदा बघितलंय. तू भरलेली बादली घेतोस आणि परत तळ्यातच ओततोस. मग पुन्हा भरायला बसतोस. तुला आठवत नाही. त्यांनी तुला बोलून नाही दाखवलं, तुला वाईट वाटेल म्हणून. तू पाण्यात पडलास तेही त्यांनीच सांगितलं मला. त्यांना काळजी वाटते तुझी."

नेव्हिलने फोन ठेवला आणि तो खुर्चीत बसला. क्लॅरी खोटं बोलेल हे त्याच्या मनातही आलं नाही. क्लॅरी म्हणतो म्हणजे ओतत असणार मी. स्वतःच्या डोक्यापेक्षा त्याचा क्लॅरीवर विश्वास जास्त होता. पडल्याचं जेनीनला सांगितलं हे खटकलं, पण तेही काळजीपोटी असेल. नेव्हिल घाबरला. इतका तो तळ्यात बसला होता तेव्हाही घाबरला नव्हता. त्या दिवसापासून तो प्रत्येक बादलीगणिक भिंतीवर खडूने रेघ मारू लागला, आणि रेघ मारल्यावर स्वतःला मोठ्याने सांगू लागला, "ही क्लॅरीला दिली. ही ओतली नाही."

ईस्टरच्या शनिवारला अकरा दिवस असताना, मंगळवारी, जाळीत काहीतरी टोचलं. त्याने बोटाने चोळून पाहिलं. अंड्याची टरफलं. बारीक कुटलेली, तपकिरी, मूठभर.

नेव्हिलच्या घरात तीन वर्षांत अंडं आलं नव्हतं. पोटाला सोसत नसे. आणि टोमॅटो बुडाशी काळे पडू नयेत म्हणून अंड्यांची टरफलं कुटून ड्रमातल्या गाळात कालवणारा त्या अख्ख्या रस्त्यावर एकच माणूस होता. नेव्हिलने बादली स्वतःच परत ओतली असती, तर तिच्यात त्याचाच गाळ असता. टरफलं असलेला गाळ कुंपणापलीकडे जाऊन आलेला होता.

तरी त्याने स्वतःला समजावलं. निवळलेल्या पाण्याबरोबर आली असतील चार. मूठभर? आली असतील. त्या रात्री त्याने गोळी घेतली नाही. सहाला, उजाडताना, तो धुण्याच्या खोलीच्या खिडकीशी जाऊन उभा राहिला.

क्लॅरी आला. पहिल्या दोन बादल्या त्याने काठावरून तळ्यात ओतल्या. पाणी स्वच्छ होतं. नेव्हिलने सुटकेचा श्वास सोडला आणि त्याला स्वतःची लाजही वाटली. मग क्लॅरी तिसरी बादली घेऊन वळसा घालून तळ्याच्या मागच्या बाजूला, आयरिसच्या झुडपांपाशी गेला. तिथे त्याने गुडघा टेकला, बादलीला मांडीचा आधार दिला आणि अलगद, आवाज होऊ न देता, ती पालथी केली. काळा, दाट गाळ होता. आत हात घालून त्याने कडाही निपटून घेतल्या, बायका खिरीचं पातेलं निपटतात तशा.

कुंपणच शेत खातं असं लोक म्हणतात. नेव्हिलने ते आता डोळ्यांनी बघितलं. तो अनवाणी बाहेर आला.

"कधीपासून?"

क्लॅरी दचकला नाही. बादली त्याने हळूच खाली ठेवली. "फेब्रुवारी."

"मी जिंकायला लागलो तेव्हापासून."

"हो."

"बिशप मेला, क्लॅरी. टोपी काढून उभा होतास तू."

"मासे मरतील असं नव्हतं वाटलं मला. देवाशपथ."

"आणि जेनीनला सांगितलंस की माझं डोकं फिरलंय."

"फिरलंय नाही म्हटलं. विसरतोस म्हटलं."

"मी रेघा मारत होतो रे भिंतीवर!" नेव्हिलचा आवाज चिरकला. "मुलीला नको ते बोललो. रात्र रात्र वाटायचं, चाललं माझं डोकं. का? काय वाईट केलं होतं मी तुझं?"

क्लॅरी काठावर बसला. चिखलाचे हात त्याने गुडघ्यांवर ठेवले होते. "मी बघून आलो ती जागा, नेव्ह. एकेका टेबलाला आठ आठ जण. सगळी अनोळखी तोंडं. कुणी विचारलं, 'तुमचं नाव काय?' सांगितलं. दहा मिनिटांनी पुन्हा विचारलं. मला नाही जमणार तिथे. एकट्याला नाही जमणार. जॉयस गेल्यापासून मी कुणाशी बोलतो? तुझ्याशी."

"मग मला सांगायचंस."

"तीनदा सांगितलं. तू तळ्याचं विचारलंस."

हे खरं होतं, आणि खरं होतं याचाच नेव्हिलला जास्त राग आला. दया येत होती, तीही नको होती. समोर बसलेल्या माणसाचं तोंड त्याला चव्वेचाळीसहून जास्त वर्षं पाठ होतं आणि आज ते बघवत नव्हतं.

"जेनीनला तू सांगायचंस," तो म्हणाला. "मी नाही. तिच्यावर आळ घेऊन झालाय माझा. आता तुझं नाव घेतलं तर ती म्हणेल, आज मुलगी, उद्या शेजारी, परवा पोस्टमन. आणि तसंही मी कुणाचं नाव घेत नसतो, हे तुला ठाऊक आहे. ईस्टरच्या शनिवारी, माझ्यासमोर, तुझ्या तोंडाने."

"सांगतो."

"नक्की?"

"जॉयसची शपथ."

नेव्हिलने विश्वास ठेवला. हसावं की रडावं, पण ठेवला. इतक्या वर्षांची सवय दहा मिनिटांत मोडत नाही.

उरलेले दहा दिवस तो एकटा खपला. अर्धी अर्धी बादली, थांबत थांबत, गुलाबांपर्यंत. पाणी परत आणायला कुणी नव्हतं म्हणून त्याने ते गुलाबांनाच पाजलं. एकदाच सगळा तळ खरवडला असता तर गाळ लाल खुणेखाली गेला असता, पण उरलेले दहा मासेही गेले असते. तो विचार त्याने एकदा केला आणि सोडून दिला. पाच इंचांवर गेलेली काठी शुक्रवारी पावणेपाचवर आली. पुरेसं नव्हतं. पण क्लॅरी बोलणार होता.

शनिवारी जेनीन वर क्रॉसची खूण असलेले ईस्टरचे गोड पाव घेऊन आली. तिने बापाला मिठी मारली, जरा जास्त वेळ. फोनवरच्या त्या प्रकरणाचं दोघांनीही नाव काढलं नाही. क्लॅरी इस्त्रीचा सदरा घालून आला होता.

काठी जेनीननेच घातली. बोटाने खूण धरून बाहेर काढली आणि ती बघत राहिली. तिचा चेहरा जिंकलेल्याचा नव्हता.

"पावणेपाच," ती हळूच म्हणाली. "बाबा... मी दुसऱ्या बाजूने बघते हं."

"नको. तिकडे जास्त असेल." नेव्हिल क्लॅरीकडे वळला. "क्लॅरीला तुला काहीतरी सांगायचंय."

क्लॅरीने घसा खाकरला. त्याने तळ्याकडे बघितलं, जेनीनकडे बघितलं. नेव्हिलकडे बघितलं नाही.

"हो. म्हणजे... जेनीन, पोरी, रागावू नकोस त्याच्यावर. त्याने फार खटपट केली. अकरा अकरा वाजेपर्यंत उन्हात बसायचा. पण..." त्याने पुन्हा घसा खाकरला. "वय कुणाला चुकलंय? त्याला नाही जमत आता. विसरतो तो. मी तुला म्हटलंच होतं."

नेव्हिलला आधी वाटलं, अजून वाक्य संपायचंय. तो वाट बघत राहिला. क्लॅरीने बशीतला पाव उचलला आणि त्यावर लोणी लावायला घेतलं.

चोरून गाळ ओतला तो एकटेपणाच्या भीतीने, असं नेव्हिलने दहा दिवसांत स्वतःला पटवत आणलं होतं. आणखी महिन्याभरात त्याने माफही केलं असतं. हे मात्र भरदिवसा, तोंडावर, जॉयसची शपथ मोडून केलं होतं. बोलता आलं असतं. टरफलं, खिडकी, तिसरी बादली. आणि जेनीन समजुतीने मान हलवत राहिली असती, डॉक्टरांना काय सांगायचं ते मनात जुळवत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. भिंतीवर अजून त्याच्याच खडूच्या रेघा होत्या आणि त्या बघूनही तिला जे वाटायचं तेच वाटलं असतं.

"बाबा?" जेनीनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मी आत्ताच ये म्हणत नाहीये. सावकाश. मासे मी नेईन माझ्याकडे, सगळे, मागे जागा आहे. आणि वॉटल कोर्टला तू एकटा थोडाच असणार आहेस?"

"शब्द म्हणजे शब्द," नेव्हिल म्हणाला. "घर सोडतो. पण वॉटल कोर्टला नाही."

"म्हणजे?"

"तुझ्या शेपार्टनला असेल की एखादी जागा."

"आहे, नदीकडच्या रस्त्याला. पण बाबा, तिथे तुझ्या ओळखीचं कुणीच नाही."

"तेच हवंय मला. जिथे मला कुणी ओळखत नाही तिथलं बघ."

क्लॅरीच्या हातातली सुरी थांबली. "नेव्ह, असं काय करतोस?" त्याचा आवाज एकदम म्हाताऱ्याचा झाला. "मी तिथे एकटा काय करू? मी कुणाशी बोलू तिथे? पोरी, तू सांग ना त्याला. नेव्ह!"

जेनीनचे डोळे भरून आले. तिने एक हात क्लॅरीच्या पाठीवर ठेवला, दुसरा बापाच्या खांद्यावर होताच.

"बघ ना बाबा," ती म्हणाली, "किती जीव आहे यांचा तुझ्यावर."

नेव्हिलने क्लॅरीकडे बघितलं. क्लॅरी मान खाली घालून थांबला होता. काय ऐकावं लागणार हे त्याला कळत होतं आणि ते ऐकायची त्याची तयारीही दिसत होती.

"आहे खरा," नेव्हिल म्हणाला. "तू शेपार्टनला फोन लाव."